प्लॅट अहवाल

प्लॅट अहवाल हा रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या भावनिक गरजांविषयी ब्रिटनमध्ये १९५९ साली प्रसिद्ध झालेला शासकीय अहवाल आहे. त्याचे अधिकृत नाव 'द वेल्फेअर ऑफ चिल्ड्रन इन हॉस्पिटल' (अर्थ: रुग्णालयातील बालकांचे कल्याण) असे आहे. समितीचे अध्यक्ष सर हॅरी प्लॅट यांच्या नावावरून तो प्लॅट अहवाल म्हणून ओळखला जातो. आजारी मुलाला भेटण्यासाठी आईवडिलांवर वेळेचे बंधन नसावे, लहान मुलांसोबत आईला रुग्णालयात राहता यावे, मुलांना प्रौढांच्या कक्षात ठेवू नये आणि डॉक्टर व परिचारिकांना बालकांच्या भावनिक गरजांचे शिक्षण द्यावे, या त्याच्या प्रमुख शिफारशी होत. आजार बरा करणे आणि आजारी मुलाची काळजी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शासकीय पातळीवर स्पष्टपणे मांडणारा हा आरंभीचा दस्तऐवज असल्याने बालरुग्णसेवेच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील बहुतेक रुग्णालयांत मुलांना भेटण्याच्या वेळा अत्यंत मर्यादित होत्या. अनेक ठिकाणी आईवडिलांना आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, तेही तास-दोन तास आत सोडले जाई. काही रुग्णालयांत दाखल झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात भेट पूर्णपणे बंद असे. काही ठिकाणी मूल झोपलेले असताना किंवा काचेच्या आडून त्याला पाहण्याची तेवढी मुभा असे. क्षयरोग, पोलिओ किंवा हाडांचे विकार झालेली मुले अनेक महिने, कधी कधी वर्षानुवर्षे रुग्णालयात असत. त्यांच्यासाठी या नियमांचा अर्थ घरापासून जवळजवळ पूर्ण ताटातूट असा होता.

या निर्बंधांमागे मुख्यतः तीन कारणे होती. पहिले कारण संसर्गाचे. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी घटसर्प, गोवर, लोहितांग ज्वर यांसारखे रोग बालकक्षात शिरले तर जीवघेणे ठरत, आणि बाहेरून येणारे नातेवाईक हा रोग आत येण्याचा एक मार्ग मानला जाई. दुसरे कारण कामाच्या शिस्तीचे. ठरलेल्या वेळी औषध, आंघोळ, जेवण व मलमपट्टी उरकण्यात पालकांची उपस्थिती अडथळा ठरते, असे परिचारिकांना वाटे. तिसरे कारण मुलाच्या वागणुकीच्या निरीक्षणातून आले होते. आई भेटून गेली की मूल आक्रोश करते, आणि काही दिवस ती आली नाही तर ते शांत होते. या शांततेला मूल रुळले असे म्हटले जाई, आणि म्हणून भेटी कमी ठेवणे मुलाच्याच हिताचे आहे, असा समज दृढ झाला होता. पुढे झालेल्या संशोधनाने प्रामुख्याने या तिसऱ्या समजाला आव्हान दिले.

अपवादही होते. न्यूकॅसल येथील बालरोगतज्ज्ञ सर जेम्स स्पेन्स यांनी १९२०च्या दशकापासूनच तान्ह्या बाळांसोबत आयांना रुग्णालयात राहू दिले. आईनेच बाळाची शुश्रूषा करावी आणि परिचारिकेने तिला मदत करावी, अशी त्यांची पद्धत होती. रुग्णालयातील मुलांची काळजी या विषयावर त्यांनी १९४६ साली दिलेले व्याख्यान वैद्यकीय वर्तुळात प्रसिद्ध आहे. मात्र असे प्रयोग विशिष्ट व्यक्तींच्या पुढाकारापुरते मर्यादित राहिले.

विभक्ततेविषयीचे संशोधन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील शहरांतून मोठ्या संख्येने मुलांना सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आले. कुटुंबापासून दूर राहिलेल्या या मुलांमुळे विभक्ततेच्या परिणामांकडे मानसशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. लंडनमधील टॅव्हिस्टॉक क्लिनिक येथील मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृसंगोपन व मानसिक आरोग्य या विषयावर लिहिलेला अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. लहान वयात मातेच्या किंवा तिच्या जागी असलेल्या व्यक्तीच्या सातत्यपूर्ण सहवासाची गरज त्यात मांडली होती.

बोल्बी यांचे सहकारी, मनोसामाजिक कार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन हे १९४८ पासून रुग्णालयांतील लहान मुलांचे निरीक्षण करत होते. युद्धकाळात ते ॲना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेड येथील बालगृहात कामाला होते. आईपासून दुरावलेल्या लहान मुलाच्या वर्तनात त्यांना तीन अवस्था आढळल्या.

पहिली अवस्था निषेधाची. मूल मोठ्याने रडते, दाराकडे पाहत राहते आणि आईला हाका मारते. इतरांनी केलेले सांत्वन ते स्वीकारत नाही.

दुसरी अवस्था हताशेची. रडणे कमी होते, मूल निपचित व उदास राहते, खाण्यात व खेळण्यात रस घेत नाही. याच अवस्थेला मूल रुळल्याचे लक्षण समजले जाण्याचा संभव असतो.

तिसरी अवस्था अलिप्ततेची. मूल पुन्हा हसू-खेळू लागते, परिचारिकांशी बोलते, मात्र आई आल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करते किंवा तिला ओळखत नसल्यासारखे वागते. कक्षातील कर्मचाऱ्यांना हे सुधारणेचे चिन्ह वाटे. रॉबर्टसन यांच्या मते मुलाने असह्य झालेली भावना दाबून टाकल्याचे ते लक्षण होते.

'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' हा माहितीपट

आपली निरीक्षणे केवळ शब्दांत मांडून डॉक्टरांना पटत नाहीत, असा अनुभव आल्यावर रॉबर्टसन यांनी चित्रीकरणाचा मार्ग निवडला. पूर्वी कधी चित्रपट काढण्याचा अनुभव नसताना त्यांनी हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने मूक, कृष्णधवल चित्रीकरण केले. लॉरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे अडीच वर्षांच्या मुलीला बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात ठेवले होते. सोयीचे प्रसंग निवडल्याचा आक्षेप येऊ नये म्हणून मुलीची निवड प्रतीक्षायादीतून यदृच्छेने करण्यात आली आणि दररोज ठरावीक वेळी चित्रीकरण झाले. त्यासाठी चौकटीत भिंतीवरचे घड्याळही ठेवले गेले.

लॉरा वयाच्या मानाने संयमी होती. ती सतत रडत नाही. आपले रडू आवरण्याचा तिचा प्रयत्न, मधूनच आईची विचारणा करणे आणि भेटीला आलेल्या आईपासून तोंड फिरवणे, हेच चित्रपटातून दिसते.

हा माहितीपट नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये डॉक्टर व परिचारिकांसमोर दाखवण्यात आला. प्रतिक्रिया बहुतांशी प्रतिकूल होती. रॉबर्टसन यांनी आपल्या व्यवसायाची बदनामी केली, असा आरोप अनेकांनी केला आणि चित्रपट मागे घेण्याची मागणीही झाली. सुरुवातीला संतापलेल्यांमध्ये बालरोगतज्ज्ञ डर्मॉड मॅकार्थी हेही होते. आपल्या कक्षात परतल्यावर मात्र चित्रपटात दाखवलेले दुःख त्यांना तेथील मुलांमध्ये दिसू लागले. त्यांनी ॲमरशॅम येथील रुग्णालयात आयांना मुलांसोबत राहू देण्यास सुरुवात केली. त्याच रुग्णालयात आईसह दाखल झालेल्या सुमारे वीस महिन्यांच्या मुलीवर रॉबर्टसन यांनी १९५८ साली दुसरा माहितीपट काढला. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिल्यास आईच्या उपस्थितीने पडणारा फरक लक्षात येतो.

समितीची स्थापना

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णालये एका सार्वजनिक यंत्रणेखाली आली. त्यामुळे भेटीच्या वेळांसारख्या बाबतींत देशव्यापी धोरणाची चर्चा शक्य झाली. आरोग्य मंत्रालयाने भेटींबाबत उदार राहण्याच्या सूचना रुग्णालयांना वेळोवेळी दिल्या, परंतु प्रत्यक्ष निर्णय स्थानिक व्यवस्थापन, डॉक्टर आणि कक्षप्रमुख परिचारिका यांच्या हाती असल्याने परिस्थिती ठिकठिकाणी वेगळी राहिली.

१९५६ साली केंद्रीय आरोग्य सेवा परिषदेने एक समिती नेमली. वैद्यकीय उपचार व परिचर्या वगळता आजारी मुलांच्या कल्याणासाठी रुग्णालयांत कोणती व्यवस्था असते, याचा अभ्यास करून सूचना करणे हे समितीचे काम होते. अध्यक्षपदी आलेले सर हॅरी प्लॅट (१८८६–१९८६) हे मँचेस्टरचे नामांकित अस्थिशल्यचिकित्सक होते आणि १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्षपद भूषवले. बालपणी गुडघ्याच्या विकारामुळे त्यांना स्वतःला दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले होते. मानसशास्त्राशी संबंध नसलेल्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकाच्या नावाने अहवाल आल्यामुळे वैद्यकीय क्षेत्रात त्याला वजन प्राप्त झाले. रॉबर्टसन यांनी समितीपुढे निवेदन सादर केले आणि त्यांचे माहितीपटही समितीने पाहिले.

प्रमुख शिफारशी

अहवालात एकूण ५५ शिफारशी होत्या. त्यांतील महत्त्वाच्या शिफारशींचे विषय पुढीलप्रमाणे सांगता येतात.

दाखल करणे टाळणे: घरी किंवा बाह्यरुग्ण विभागात उपचार शक्य असतील तर मुलाला रुग्णालयात ठेवू नये. रुग्णालयात ठेवावेच लागले तर मुक्काम शक्य तितका कमी असावा.

स्वतंत्र बालकक्ष: मुलांना प्रौढ रुग्णांच्या कक्षात ठेवू नये. मुलांच्या कक्षात बालपरिचर्येचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका असाव्यात आणि बालरोगतज्ज्ञाचे लक्ष असावे.

पूर्वतयारी: रुग्णालयात काय होणार आहे, हे मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत आधी सांगावे. पालकांनाही पुरेशी माहिती द्यावी. घरचे आवडते खेळणे मुलाजवळ राहू द्यावे.

भेटी: पालकांना दिवसात शक्य असेल तेव्हा मुलाला भेटता यावे आणि त्याच्या दैनंदिन काळजीत भाग घेता यावा.

आईचा मुक्काम: विशेषतः पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आणि दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईला मुलासोबत राहू देण्याचा विचार व्हावा.

खेळ व शिक्षण: कक्षात खेळण्याची सोय असावी आणि शालेय वयाच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये.

प्रशिक्षण: डॉक्टर व परिचारिकांच्या अभ्यासक्रमात बालकांच्या भावनिक गरजांचा समावेश करावा.

यांतील बहुतांश शिफारशींसाठी मोठा खर्च किंवा नवे तंत्रज्ञान लागत नव्हते. बदल अपेक्षित होता तो मुख्यतः दृष्टिकोनात. पालक हा कक्षातील पाहुणा नसून उपचारातील सहभागी आहे, ही भूमिका अहवालाच्या मुळाशी होती.

अंमलबजावणी आणि पालकांची चळवळ

शासनाने शिफारशी स्वीकारून त्या रुग्णालयांकडे पाठवल्या, पण त्या बंधनकारक नव्हत्या. अनेक कक्षांत जुनेच नियम सुरू राहिले. कागदोपत्री मुक्त भेटी जाहीर करून शस्त्रक्रियेच्या दिवशी पालकांना बाहेर ठेवण्याची प्रथाही काही ठिकाणी टिकून होती.

रॉबर्टसन यांनी मग थेट पालकांशी संवाद साधला. १९६१ साली त्यांनी 'द ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात लेख लिहिले आणि बीबीसी दूरचित्रवाणीवर त्यांच्या माहितीपटांतील काही भाग दाखवण्यात आले. त्याच वर्षी लंडनच्या बॅटरसी भागातील काही आयांनी एकत्र येऊन 'मदर केअर फॉर चिल्ड्रन इन हॉस्पिटल' हा गट स्थापन केला. अशा गटांचे जाळे देशभर पसरले आणि त्यातून रुग्णालयातील बालकांच्या कल्याणासाठीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९९१ पासून ती 'ॲक्शन फॉर सिक चिल्ड्रन' या नावाने ओळखली जाऊ लागली. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी स्थानिक रुग्णालयांतील भेटीच्या वेळांची पाहणी केली, पालकांसाठी माहितीपत्रके काढली आणि प्रशासनाकडे पाठपुरावा केला. शिफारशी प्रत्यक्षात येण्यास पुढे काही दशके लागली. त्यात अहवालाइतकाच या पालकांच्या चळवळीचा वाटा मानला जातो.

पुढील संशोधन

१९७०च्या दशकात दोन अभ्यासांनी या विषयाला संख्यात्मक आधार दिला. जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांनी १९४६ साली जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाच्या पाच वर्षांपूर्वी एका आठवड्याहून अधिक काळ किंवा वारंवार रुग्णालयात राहिलेल्या मुलांमध्ये किशोरवयात वर्तनविषयक अडचणींचे प्रमाण अधिक आढळले. डेव्हिड क्विंटन आणि मायकेल रटर यांनी १९७६ साली केलेल्या अभ्यासात वारंवार दाखल होण्याशी असाच संबंध दिसला, मात्र एका आठवड्यापर्यंतच्या एकाच मुक्कामाचा दीर्घकालीन परिणाम आढळला नाही.

हे निष्कर्ष वाचताना सावधगिरी बाळगावी लागते. वारंवार आजारी पडणारी मुले अनेकदा गरीब किंवा ताणग्रस्त कुटुंबांतील असतात. त्यामुळे नंतरच्या अडचणींचे सर्व कारण रुग्णालयातील मुक्कामाला देता येत नाही. मुलाचे वय, मुक्कामाची लांबी, आधीचे कौटुंबिक वातावरण आणि मुक्कामात मिळालेला आधार या सर्वांचा परिणामात वाटा असतो.

प्रभाव

अहवालातील तत्त्वे पुढे ब्रिटनबाहेरही स्वीकारली गेली. १९८८ साली नेदरलँड्समधील लायडन येथे युरोपीय संघटनांनी रुग्णालयातील बालकांच्या हक्कांची दहा कलमी सनद मान्य केली. घरी उपचार शक्य नसतील तरच दाखल करणे, पालक सदैव सोबत असण्याचा हक्क, वयानुरूप माहिती, टाळता येण्याजोग्या वेदनांपासून संरक्षण आणि समवयस्कांसोबत ठेवणे या तिच्या तरतुदींत प्लॅट अहवालाचा वारसा स्पष्ट दिसतो. अमेरिकेत याच काळात रुग्णालयातील मुलांना खेळातून उपचारांची ओळख करून देणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय विकसित झाला.

आईवडिलांच्या उपस्थितीचा प्रश्न सुटत गेला तसा त्यांच्या निवासाचा प्रश्न पुढे आला. दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबाने उपचार चालू असताना राहायचे कुठे, या अडचणीतून १९७४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस सुरू झाले.

टीका आणि मर्यादा

अहवालाची भाषा प्रामुख्याने आईला केंद्रस्थानी ठेवणारी होती. वडील, भावंडे व आजी-आजोबा यांच्या भूमिकेला पुढील काळात अधिक महत्त्व मिळाले. घरी इतर लहान मुले असलेल्या, नोकरी करणाऱ्या किंवा प्रवासखर्च न परवडणाऱ्या आयांना केवळ मुक्त भेटीच्या नियमाचा पुरेसा लाभ होत नाही, याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले.

परिचर्याशास्त्रात आणखी एक प्रश्न चर्चिला गेला. पालकांचा सहभाग आणि परिचारिकांच्या कामाचा भार पालकांवर टाकणे यांत फरक आहे. पालकाने कोणती कामे करायची, कोणती करायची नाहीत आणि त्याला विश्रांती कधी मिळणार, हे दोघांनी मिळून ठरवले नाही, तर सहभागाचे रूपांतर सक्तीत होऊ शकते. या चर्चेतून कुटुंबकेंद्री सेवा ही अधिक व्यापक संकल्पना पुढे आली. तीत माहिती देणे, निर्णयात सहभागी करणे आणि पालकांनाही आधार देणे यांचा समावेश होतो.

भारतातील संदर्भ

भारतातील सार्वजनिक रुग्णालयांच्या बालकक्षांत आई किंवा अन्य नातेवाईक मुलाच्या खाटेजवळ थांबणे ही रूढ पद्धत आहे. त्यामुळे प्लॅट अहवालात वर्णिलेली समस्या येथे त्याच स्वरूपात उद्भवली नाही. पालकाची उपस्थिती असली तरी त्याला बसण्या-झोपण्याची जागा, जेवण आणि उपचारांची समजेल अशी माहिती मिळणे हा येथील प्रमुख प्रश्न आहे.

नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात मात्र संसर्गाच्या भीतीने आईला दूर ठेवण्याची पद्धत भारतातही होती. आजारी नवजात बालकाच्या काळजीत आईवडिलांना प्रशिक्षण देऊन सहभागी करून घेण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केल्या. हात धुणे, बाळाला स्वच्छ ठेवणे, दूध पाजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणे म्हणजेच कांगारू मातृसेवा, या गोष्टी पालकांना शिकवल्या जातात.

आईला जवळ ठेवल्याने बाळाच्या जगण्याची शक्यताही वाढते, याचा पुरावा २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या समन्वयाने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथील पाच रुग्णालयांत हा अभ्यास झाला. त्यात १ ते १.८ किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या ३,२११ नवजात बालकांचा समावेश होता. जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता कांगारू मातृसेवा सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्युप्रमाण १२ टक्के, तर स्थिरतेनंतर सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के होते. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच आणावी लागली. ज्या संसर्गाच्या कारणाने पूर्वी आईला बाहेर ठेवले जाई, त्या संसर्गाचे प्रमाणही पहिल्या गटात वाढल्याचे आढळले नाही.

महाराष्ट्रात निवासाचा प्रश्न मुंबईत विशेष तीव्र आहे. टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या विविध भागांतून कर्करोगग्रस्त मुले येतात आणि त्यांचे उपचार अनेक महिने चालतात. अशा कुटुंबांना मोफत निवास देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ साली मुंबईत सुरू झाली. राहण्याची सोय नसल्याने उपचार अर्धवट सोडून गावी परतण्याची वेळ कुटुंबावर येऊ नये, हा तिच्या कार्याचा हेतू आहे. मुलासोबत पालक असावा हे तत्त्व प्रत्यक्षात आणायचे तर त्या पालकाला निवारा व अन्न मिळायला हवे, ही प्लॅट अहवालाच्या काळात दुय्यम वाटलेली बाब अशा उपक्रमांमुळे बालरुग्णसेवेचाच भाग बनली आहे.